फाटक्या कानाचं अस्वल

दिवस कलला की आमच्या मळ्यात कुणी खाली वाकत नाही. फुलं तोडायची राहिली तर राहू द्यायची. बिबट्याला उभा माणूस उंच दिसतो, त्याच्या वाटेला तो सहसा जात नाही. पण वाकलेला, बसलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो, आणि तेही दिवसा. अंधार पडला की नुसतं 'जनावर'.

मळा आमचा नाशिकच्या वेशीवर. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. शेजारी दुसऱ्याचा ऊस आणि उसापलीकडे नदी. सिटी बस येते, रात्री शहराचे दिवे दिसतात, आणि उसात बिबट्या असतो. बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर त्याला वाटतं ही बाई वाढवून सांगतेय. पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही भीती घरातल्यासारखीच आहे. तिचे नियम मला पाठ. बांधावर रेडिओ लावून ठेवायचा. कुत्रं घरात घ्यायचं. मटणाचं धुवण लांब नेऊन पुरायचं. लहान पोराला मागच्या दारी एकटं सोडायचं नाही.

माझी लेक शाळेत होती तेव्हा आमच्या बांधावर पिंजरा लावला होता. पिंजरा लावा म्हणून गावात सगळ्यात जास्त मीच ओरडले होते, कारण लेकीची शाळेची वाट उसाच्या कडेने. आत शेळी बांधली, आणि वाघ सापडला. सकाळी सगळं गाव बघायला लोटलं. त्याने गजांवर तोंड आपटून आपटून नाकाडाची साल काढून घेतली होती, एक सुळा तुटला होता. पोरं खडे मारत होती. लेक माझा पदर धरून उभी. "आई, आता याला कुठं नेणार?" मी म्हटलं, "लांब जंगलात सोडतील." "आणि तिथून परत आला तर?" मला जे ऐकून माहीत होतं ते मी बोलून गेले, "मग पिंजऱ्यातच ठेवतात म्हणे. कायमचा." त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, पोर आहे, विसरेल.

विसरली नाही. जंगलातल्या जनावरांचंच शिकली आणि नोकरीला गेली ती थेट हिमालयाच्या पायथ्याशी, एका लहानशा अभयारण्यात. आता पायथा म्हटल्यावर मला वाटलं, सपाट असेल. आपल्याकडे डोंगराचा पायथा म्हणजे भाताची खाचरं, जीप थांबते ती जागा. तिथला पायथाच आपल्या डोंगरांच्या डोक्याएवढा. लहानसं अभयारण्य, पण तिथं जी जनावरं आहेत ती जगात फार थोडी उरलीत, असं ती सांगायची. कस्तुरीमृग, डोंगरातलं काळं अस्वल, रानबकरीसारखं एक घोरल नावाचं जनावर, लांब शेपटीचे रानकोंबडे. झाडांना कॅमेरे बांधायचे, जनावर समोरून गेलं की फोटो निघतो, ते बघून कोण आहे, कोण नाही याचा हिशेब ठेवायचा, हे तिचं काम. फोनवर ती अस्वलांबद्दल असं बोलायची जसं मी जावांबद्दल बोलते. हे इकडे गेलं, ते तिकडे रुसून बसलं.

पुढे तिचं लग्न झालं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. मी खोलीला चुना दिला, बाज विणून घेतली. पण बाळानेच घाई केली. तिकडच्या गावातल्या दवाखान्यातच मुलगी झाली, जरा वेळेआधी, आणि डॉक्टरांनी सांगितलं, इतक्या लांबचा प्रवास आता नको. मग मीच निघाले. दिवाळी नुकतीच झाली होती. घोटीचा तांदूळ, डिंक, खारीक, खोबरं, गूळ, गावरान तुपाची बरणी, नणंदेच्या बागेतले बेदाणे, दृष्ट काढायला लाल मिरच्या. नाशिक रोडला गाडीत सामान चढवता चढवता आमचे हे म्हणाले, "अगं, बाळंतपणाला चाललीस का किराणा टाकायला?"

"तुमच्या लेकीला तिथं डिंक कोण देणार हाय?" मी म्हटलं.

"तिथं अस्वलं हायेत. त्यांना इच्यार."

हसलो आम्ही. तेव्हा हसू आलं.

जीप वर चढायला लागली तशी माझी भीती चढायला लागली. एका बाजूला कडा, एका बाजूला नुसतं पांढरं धुकं. लेकीला मिळालेलं क्वार्टर म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. समोर अंगण, अंगणाच्या पलीकडे वेगळं स्वयंपाकघर, चुलीचं. त्याला फळ्यांचं दार. भोवती तारेचं कुंपण, जे मी बघितल्याबरोबर ओळखलं की हे शेळीसुद्धा अडवणार नाही. खाली थोड्या अंतरावर चौकी, तिथं एक वयस्कर चौकीदार. बाकी ओकाची झाडं आणि शांतता. आमच्याकडे निदान मोटारींचा आवाज असतो. इथं शांतता अशी की कानात आपलंच रक्त वाजतं.

जावई खालच्या गावात कामाला, दर आठवड्याला वर यायचे. म्हणजे एरवी त्या दोन खोल्यांत मी, लेक आणि तळहाताएवढं बाळ.

लेकीने आल्या दिवशीच मला समोर बसवून सांगितलं, "आई, खरकटं बाहेर टाकायचं नाही. कचरा त्या लोखंडी पिंपात, वरून कडी. खायचं काही बाहेर ठेवायचं नाही."

"मला शिकवतेस? मी वाघाशेजारी राहते."

"इथं वाघापेक्षा अस्वलाचं जास्त बघावं लागतं."

यावर मी हसले, आणि का हसले ते सांगते. मी लहान असताना आमच्या गावात दरवेशी अस्वल घेऊन यायचा. ज्या पोराला भीतीचं दुखणं असेल, जे झोपेत दचकून उठत असेल, त्याला आई-बाप अस्वलाच्या पाठीवर बसवायचे. मलाही बसवलं होतं. राठ केस, उग्र वास, आणि नाकातली दोरी धरलेला तो दरवेशी म्हणतोय, "डर गया, डर गया." त्यानंतर मी दचकणं थांबवलं असं माझी आई सगळ्यांना सांगायची. तर माझ्या लेखी अस्वल म्हणजे भीती घालवणारं जनावर. भ्यायचं ते वाघाला. म्हणून मी त्या क्वार्टरमध्ये सगळा बंदोबस्त वाघाचा केला. रेडिओ लावला. दिवे लावले. वाकून अंगण झाडायचं सोडलं, लांब दांड्याचा झाडू मागवला. चौकीदार बघत बसायचा. तो दुपारी चहाला यायचा, काळं जाडजूड कांबळं पांघरून चुलीपाशी उकिडवा बसायचा आणि गरम पेला दोन्ही हातांत धरून म्हणायचा, "मांजी, बाघ तो शरमाता है. भालू से बचना. ठंड के पहले उसका पेट ही नहीं भरता."

"हमारे यहां भालू पे बच्चा बिठाते थे," मी म्हणायची.

"यहां का भालू किसी को नहीं बिठाता, मांजी."

रात्र मात्र मला सहन व्हायची नाही. भुंकण्याचा आवाज यायचा. मी म्हणायची, कुत्रं आहे. लेक म्हणायची, "हरीण आहे आई, भुंकतं ते." आता भुंकणारं हरीण ऐकून माणसाने झोपावं कसं? आणि ते कुणाला बघून भुंकतंय? हा प्रश्न मी तोंडातून काढायची नाही. बाळाच्या पोटावर हात ठेवून ते वरखाली होतंय ना बघत राहायची. लेक झोपेतच म्हणायची, "आई, घाबरू नकोस." लहानपणी हे मी तिला म्हणत असे.

बाळंतिणीला डिंकाचे लाडू हवेतच. जरा ऊन पडलं तसा मी एक दिवस सकाळपासून घाट घातला. तुपात डिंक फुलवला, खारकेची पूड, खोबरं, खसखस भाजली, बेदाणे टाकले, गुळाचा पाक केला. त्या वासाने मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं. लाडू वळले. आता ज्या बायकांनी लाडू केलेत त्यांना माहीत आहे, गरम लाडू डब्यात भरत नाहीत. वाफ धरते, आतून बुरशी येते. परातीत पसरून, वर पातळ फडकं टाकून, हवेशीर जागी निवू द्यायचे. झोपायच्या खोलीत शेगडीची ऊब, तिथं ते निवणार नाहीत. म्हणून परात चुलीच्या खोलीत ओट्यावर ठेवली आणि फळीचं दार नुसतं लोटून घेतलं. हे 'बाहेर' आहे असं माझ्या मनातही आलं नाही. स्वयंपाकघर कधी बाहेर असतं का? आणि लाडू म्हणजे काही खरकटं नव्हे.

दुपारी धुकं खाली उतरलं. कुंपणापलीकडचं काही दिसेनासं झालं. जावई त्या दिवशी खालीच होते. मी बाळाला तेल लावलं, आंघोळ घातली, शेगडीत निखारे फुलवून ओव्याची धुरी दिली. लेक बाजेवर बाळाला पाजत बसली होती. तेवढ्यात चुलीच्या खोलीत परात वाजली.

मी दार उघडून बाहेर आले. फळीचं दार सताड उघडं. आत चुलीपाशी चौकीदार उकिडवा बसलेला, माझ्याकडे पाठ, अंगावर ते काळं कांबळं, मान खाली घालून लाडू खातोय. मला राग आला तसं हसूही आलं. चहाची वेळ झालीच होती. मी पायरीवरून हाक मारली, "भैया, अरे मांग के तो लेना था! बाळंतिणीचे लाडू हैं वो!"

त्याने मान वळवली.

मला पहिल्यांदा दिसली ती छातीवरची पांढरी रेघ, गळ्यात पांढरं उपरणं घातल्यासारखी. मग दिसलं तोंड, लांबोळकं, त्याला बेदाणे चिकटलेले. आणि उजवा कान मधोमध फाटलेला, दोन पानांसारखा. कांबळ्यात माणूस नव्हताच. ते कांबळंच जिवंत होतं. आमच्यामध्ये फक्त अंगण होतं. त्याच्या नाकात दोरी नव्हती, आणि त्या क्षणी मला एवढंच सुचलं, की याची दोरी कुठं आहे, कुणी धरली आहे.

मी ओरडले नाही. पाठीमागे एक एक पाऊल टाकत आत आले आणि दार लावलं. त्या दाराची कडी म्हणजे लाकडाचा एक तुकडा, खिळ्यावर फिरणारा.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

मी बोटाने चुलीच्या खोलीकडे दाखवलं. "अस्वल. लाडू खातंय."

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "खाली बस. बोलू नकोस. खाऊन जाईल." फोनला रेंज यायची ती अंगणाच्या कोपऱ्यात, म्हणजे आत्ता तिथं जायचा प्रश्नच नव्हता. वायरलेस चौकीत.

पण गप्प बसेन ती मी कसली. माझ्या डोक्यात एकच, की जनावर धुराला भितं. मळ्यात आम्ही धूर करतोच. दृष्ट काढायच्या मिरच्या फळीवर होत्या, शेगडीत निखारे होते. लेक "आई नको, आई!" म्हणेपर्यंत मी मूठभर मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या.

धूर बाहेर जाईल असं मला वाटलं होतं. दार बंद, खिडकी बंद. तो कुठं जाणार? क्षणात खोली भरली. माझ्या घशात आग, डोळ्यांतून पाणी. आणि बाळ, जे एवढा वेळ शांत पीत होतं, ते आधी शिंकलं, मग त्याचा श्वास अडकला, तोंड लाल झालं आणि आवाज निघेना. लेकीने पाण्याची बादली शेगडीवर उपडी केली. फुस्सकन आणखी धूर. तिने मागची खिडकी उघडली, जंगलाकडची, आणि बाळाचं तोंड बाहेरच्या हवेत धरलं. आत धूर आणि बाहेर अस्वल, आणि त्या दोन्हींच्या मध्ये खिडकीत माझी नात. बाळ रडलं. रडणं ऐकून इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, आणि लगेच वाटलं, ऐकलं असेल त्याने.

ऐकलं होतं. परातीचा आवाज थांबला. मग अंगणात चालण्याचा, नखं दगडाला घासल्याचा आवाज आला. दाराच्या खाली बोटभर फट होती. त्या फटीतून श्वास ऐकू यायला लागला. लांब आत ओढलेला श्वास, मग फुर्र. पुन्हा लांब आत. माझ्या हातांना तूप, माझ्या पदराला तूप, बाळाच्या अंगाला तेल. आम्ही तिघी त्या लाडवांसारख्याच वासाच्या होतो. मी ओली राख उचलून हातांना, पदराला फासली. दुसरं काय करणार? दार एकदा हललं. लाकडाचा तुकडा खिळ्यावर कुरकुरला. मी दाराला पाठ लावून बसले.

लेकीने हात पुढे करून माझा हात धरला. "आई," ती म्हणाली, "मला भीती वाटतेय गं." शाळेत जायला लागल्यापासून हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "मी आहे ना." माझे दात वाजत होते, तिने ते ऐकलेच असणार.

मग खालून चौकीदाराची हाक आली. धुराचा वास खाली पोहोचला, त्याला वाटलं आग लागली. "बिटिया! मांजी!" करत तो धुक्यातून चढत होता, सरळ अंगणाकडे. त्याला काहीच माहीत नाही. लेकीने खिडकीतून जिवाच्या आकांताने ओरडून सांगितलं, "मत आओ! भालू है! आंगन में है!" हाक थांबली. त्या थांबलेल्या वेळात मी काय काय डोळ्यांसमोर आणलं ते सांगत नाही. मग कचऱ्याच्या पिंपावर काठीचा दणका बसला, आणखी एक, आणखी. दाराखालचा श्वास गेला. कुंपणाची तार ताणल्याचा आवाज झाला, नंतर पाचोळा.

चौकीदार आत आला तो आधी शिंकला. सटासट शिंकत, डोळे पुसत म्हणाला, "मांजी, भालू से तो बच जाते. आपकी मिर्ची से कौन बचता?" मी हसले आणि हसता हसता मला रडू फुटलं.

चौकीदाराने वायरलेसवरून जीप मागवली आणि बाळाला डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ होती, देवाची कृपा. आम्ही दुसऱ्या दिवशी परत आलो. मला वाटलं होतं, संपलं. लेकीने मला बाजेवर बसवलं आणि म्हणाली, "आई, आता नीट ऐक. त्याने गूळ-तूप चाखलंय. ते पुन्हा येईल. पुन्हा काही मिळालं, तर मग ते येतच राहील. मग एक दिवस कुणालातरी मारेल. तसं होऊ नये म्हणून पिंजरा लावावा लागेल. आणि एकदा घरात शिरायला शिकलेलं अस्वल परत जंगलात सोडत नाहीत. इथं उरलीत किती? बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक कमी."

पिंजरा म्हटल्यावर मला आमच्या बांधावरचा तो वाघ आठवला. तो तुटलेला सुळा तिलाही दिसत असणार.

तिने अभयारण्याच्या साहेबांना सगळं स्वतःच कळवलं. ते म्हणाले, थंडी पडेपर्यंत बघू, मग थंडीभर गुहेत झोपून ते बाहेर येईल तेव्हा बघू. घराकडे येऊ लागलं तर पिंजरा, आणि तुम्हालाही ते क्वार्टर सोडावं लागेल. नाही आलं, तर नाही.

मग आम्ही त्या घरातून वास काढायच्या मागे लागलो. उरलेले लाडू, बेदाणे, गूळ, तुपाची बरणी, सगळं जीपने खाली पाठवलं. ओटा राखेने घासला, उकळत्या पाण्याने धुतला, पुन्हा घासला. परात, फडकं, माझं ते लुगडंसुद्धा गेलं. स्वयंपाक आतल्या खोलीत गॅसवर, नुसती पेज आणि भाजी. बाळंतीण आणि तुपाशिवाय! माझा जीव तुटायचा. ती मुकाट्याने पेज प्यायची आणि म्हणायची, "घोटीचा तांदूळ आहे आई, छान लागते."

फळीचं दार तिने मुद्दाम उघडं ठेवायला लावलं. बंद दार ते फोडेल, आणि फोडलं की त्याला वाटेल आत काहीतरी आहे. उघडं असलं की स्वतः बघेल, काही नाही. हे मला पटत होतं, पण दिवसभर ते उघडं दार समोर बघत बसणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळणार नाही. रेडिओ मी बंद केला. कान बाहेरच असायचे. चौकीदारालाही सांगितलं, ते काळं कांबळं काढा बाबा. तो जावयांचं निळं जॅकेट घालून यायला लागला आणि लांबूनच ओरडायचा, "मांजी, आदमी है, आदमी!"

एका सकाळी धुक्यात ते आलं. आम्ही खिडकीच्या फटीतून बघितलं. कुंपणावरून असं उतरलं, जसं आपण उंबरा ओलांडतो. सरळ चुलीच्या खोलीत गेलं. मी श्वास धरून देवाला काय मागितलं माहीत आहे? याला काही मिळू नये. बाळाला, लेकीला सांभाळ हे तर मागितलंच, पण आधी ते मागितलं. बराच वेळ ओटा चाटल्याचा आवाज येत होता. जिथं परात होती तिथं. मग ते बाहेर येऊन अंगणात बसलं, माणसासारखं, पाय पुढे टाकून. धुक्यात नुसता काळा ढीग. तेच की दुसरं, कान काही दिसला नाही. आणि मग उठून गेलं.

पुढे थंडी वाढली, वरच्या डोंगरांवर बर्फ पडलं, आणि चौकीदार म्हणाला, आता भालू सोएगा. बाळाचा सव्वा महिना झाला आणि मी नाशिकला परतले. लेक नाही आली. मी खूप म्हटलं, "ये गं, थंडी काढून जा." ती म्हणाली, "उठेल तेव्हा मी इथं पाहिजे, आई."

घरी आल्यावर मला वाटलं होतं, भीती तिकडेच राहील. राहिली नाही. इकडे झेंडू तोडताना मला तिकडची फट ऐकू यायची. सरीत वाकलेली असले की पाठीमागे कुणीतरी लांब श्वास घेतंय असं वाटायचं, आणि तो उसातला नसायचा. हे म्हणायचे, "जिथं हाय तिथं बघ की!" उसात बिबट्याची मादी व्याली आहे अशी बातमी होती, गावात पुन्हा पिंजऱ्याची बोलणी सुरू होती. बायका मला म्हणाल्या, तू बोल, मागच्या वेळी तूच बोलली होतीस. मी गप्प बसले. लावू नका असंही म्हणायची हिंमत झाली नाही, कारण शेजारणीचा नातू त्याच वाटेने शाळेत जातो.

थंडी ओसरली तसा लेकीचा फोन रोज यायचा. 'हॅलो' नाही, 'कशी आहेस' नाही. पहिलं वाक्य, "आलं नाही." मग बाकीचं बोलणं. पण तेवढ्याने भागत नव्हतं. गुहेतूनच उठलं नसेल तर? की उठलंय आणि वाटेवर आहे?

चैत्रातली गोष्ट. मी ओट्यावर फुलांचे ढीग लावत बसले होते. फोनवर फोटो आला, पाठोपाठ तिचा फोन. "आई, ओढ्यापलीकडच्या डोंगरावरच्या कॅमेऱ्यात आलंय. घरापासून खूप लांब. पण तेच आहे का, हे मला सांगता येत नाही. फाटक्या कानाची पलीकडे आणखी दोन अस्वलं आहेत, त्यातलं असलं तर आपलं अजून यायचं बाकीच आहे. त्याचं तोंड समोरून तू एकटीने पाहिलंस. नीट बघ."

माझे हात फुलांनी चिकट झालेले. पदराला पुसले, चष्मा लावला. बोटांनी फोटो मोठा करायला गेले तर तो इकडून तिकडे पळायचा. काळी पाठ, रोड झालेली. वारुळात घातलेले पंजे. छातीवरची पांढरी रेघ अर्धी दिसत होती, पण ती सगळ्यांनाच असते म्हणे. डोकं तिरकं. डावा कान धड. उजवा कान डोक्याच्या आड. मी फोटो वर सरकवला, खाली सरकवला, जणू त्याने मान हलवली तर बरं होईल. मग त्याच्यामागे आणखी एक फोटो आहे हे दिसलं. त्यात मान वळलेली होती, अगदी त्या दिवशी वळवली होती तशी, कॅमेऱ्याकडे, माझ्याकडे. आणि उजवा कान मधोमध फाटलेला, दोन पानांसारखा.

"आई? बोल ना."

"तेच आहे," मी म्हटलं. "तेच गं. काय खातंय?"

"मुंग्या."

पलीकडे ती रडत होती का हसत होती ते मला कळलं नाही. बाळाचा आवाज येत होता.

यांनी फुलांच्या ढिगापलीकडून विचारलं, "काय झालं? काय म्हणती पोरगी?"

"मुंग्या खातंय म्हणे."

"कोण? बाळ?"

ऊन उतरत होतं. उसाकडची सरी तोडायची राहिली होती, ती राहू दिली, आणि कुत्र्याला हाक मारून आत घेतलं.